तारेच्या पलीकडचा वर्ग

‘ऑनलाइन’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला तो मार्च २०२० नंतर. शाळा बंद झाल्या आणि आपल्यापैकी बहुतेकांना हातातल्या फोनवरून शिकवायला सुरुवात करावी लागली. तो अनुभव फारसा सुखाचा नव्हता. अनेक मुलांकडे फोन नव्हता, फोन होता तिथे ‘रेंज’ नव्हती, आणि दोन्ही असले तरी पडद्यापलीकडचे मूल ऐकते आहे की नाही ते कळत नव्हते. शाळा पुन्हा उघडल्यावर ‘सुटलो एकदाचे’ असे कोणाला वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पण तेवढ्यावरून ‘तारेवरून शिकणे खोटे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या दोन वर्षांत आपण संपर्कसाधनांचा उपयोग एकाच कामासाठी केला. शिक्षकाचा आवाज दूरच्या मुलापर्यंत नेणे, हे ते काम. संपर्काचा दुसराही एक उपयोग आहे. भरलेला, जिवंत वर्ग बाहेरच्या कोणाशी तरी जोडून देणे. या दुसऱ्या उपयोगाचा इतिहास बराच जुना आहे, इंटरनेटपेक्षाही जुना. त्यात काय साधले आणि काय फसले, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे.

छापखाना आणि टपाल

सुरुवात तारेशिवायच होते. सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्समधला प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे तासन्‌तास मोठ्याने बोलून शिकवणे त्याला जमत नसे. १९२० साली तो दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्युर-लू या डोंगराळ गावात शिकवू लागला. काही वर्षांनी त्याने वर्गात एक लहानसा हातछपाईचा संच आणला. मुले फिरून येत, पाहिलेल्या गोष्टींवर लिहीत, त्यातला मजकूर निवडून स्वतः खिळे जुळवीत आणि छापीत.

छापले खरे, पण वाचणार कोण? गावात तर सगळ्यांना सगळे माहीत. १९२० च्या दशकाच्या मध्यात फ्रेनेने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर असलेल्या ट्रेगँक येथील रने दानिएल या शिक्षकाशी संधान बांधले आणि दोन्ही वर्गांची छापील पाने टपालाने ये-जा करू लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. डोंगरातल्या मुलाला जे सांगण्यासारखे वाटत नव्हते, तेच समुद्रकाठच्या मुलाला नवलाचे होते. उलट दिशेनेही तसेच.

निबंधाच्या वहीत आपण मुलाला ‘माझे गाव’ या विषयावर लिहायला सांगतो. गाव कसे आहे ते शिक्षकाला ठाऊक असते आणि मुलालाही ठाऊक असते की शिक्षकाला ते ठाऊक आहे. अशा लिहिण्यात माहिती देण्याची खरी गरज नसते. ज्याला खरोखर माहीत नाही असा वाचक मिळाला, की ‘नदीकाठी झाडे आहेत’ हे वाक्य पुरत नाही. कोणती झाडे, किती उंच, पाणी उन्हाळ्यात टिकते का, हे लिहावे लागते. आणि लिहिण्यापूर्वी ते जाऊन पाहावे लागते. निरीक्षण हे विज्ञानाचे पहिले पाऊल मानले, तर फ्रेनेने टपालातून भाषेबरोबर विज्ञानही शिकवले असे म्हणता येईल.

आकाशातली शाळा

ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग म्हणजे लाल मातीचे ओसाड माळ. तिथल्या गुरांच्या वाड्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर. अशा वाडीवरचे मूल पत्रद्वारा शिके. धडे टपालाने येत, उत्तरे टपालाने जात आणि तपासून परत यायला आठवडे लागत.

या वाड्यांवर एक साधन मात्र आधीपासून होते. १९२८ साली जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. पण डॉक्टरला बोलवायचे कसे? आल्फ्रेड ट्रेगर या अभियंत्याने त्यासाठी सायकलसारखे पायटे मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच बनवला. १९२९ पासून हे संच वाड्यांवर पोहोचू लागले. पुढे त्यावरून बोलणेही शक्य झाले. वाड्यांवरच्या बायका ठरावीक वेळी संच लावून एकमेकींशी गप्पा मारीत. या बैठकींना तिथल्या गलका करणाऱ्या ‘गाला’ नावाच्या पोपटांवरून नाव पडले होते. 

अॅडलेड मीत्के या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ज्येष्ठ शिक्षिका आणि शाळा-निरीक्षक. विमान-डॉक्टर सेवेच्या कामातही त्यांचा पुढाकार होता. १९४० च्या दशकात अॅलिस स्प्रिंग्ज येथे गेल्या असताना वाड्यांवरची मुले फार बुजरी आहेत, चार लोकांत बोलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. आया ज्या संचावर गप्पा मारतात त्याच संचावर मुलांना एकत्र आणले तर? या विचारातून ८ मे १९५१ रोजी अॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’चे रीतसर उद्घाटन झाले.

सुरुवातीला धडे एकतर्फीच होते. शिक्षिका बोले, मुले ऐकत. पण लवकरच प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली. या संचावर एका वेळी एकालाच बोलता येते, त्यामुळे एक मूल बोले तेव्हा इतर सारी मुले ते ऐकत असत. म्हणजे शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या मुलांना पहिल्यांदाच वर्गबंधू आणि वर्गभगिनी मिळाल्या. दुसरे मूलही अडते, चुकते, वेगळे उत्तर देते, हे त्यांना कळू लागले. पत्रद्वारा शिक्षणात धडा होता, शिक्षक होता, तपासणी होती. वर्ग तेवढा नव्हता. बिनतारी संचाने धड्यात भर घातली ती थोडीच. उणीव भरून काढली ती वर्गाची.

ही शाळा पुढे टिकली आणि वाढली. सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक क्षेत्रातल्या मुलांना ती शिकवते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी संचाची जागा उपग्रहावरून चालणाऱ्या इंटरनेटने घेतली.

यंत्र शिकवण्यासाठी, वापर बोलण्यासाठी

ऑस्ट्रेलियात मुळात बोलण्यासाठी असलेले साधन शिकण्याच्या कामी आले. अमेरिकेत नेमके उलटे घडले. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडून शिकवून घेण्याची एक यंत्रणा उभारली. तिचे नाव प्लेटो. संगणक पडद्यावर मजकूर दाखवी, प्रश्न विचारी, उत्तर तपासी आणि चुकले तर पुन्हा समजावी. प्रत्येक विद्यार्थी आपापल्या गतीने पुढे जाई. १९७२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत एकाच मोठ्या संगणकाला दूरदूरचे शेकडो पडदे जोडण्याची सोय होती.

या यंत्रणेत काही बिघाड आढळला तर तो नोंदवायला एक जागा हवी होती. १९७३ साली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या तरुणाने त्यासाठी ‘नोट्स’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्याने एक साधी सोय केली. कोणीही तक्रार लिहावी आणि तिच्याखाली इतरांनी क्रमाने उत्तरे लिहावीत. त्याच वर्षी पडद्यावर लिहून अनेकांनी एकाच वेळी गप्पा मारण्याचा कार्यक्रमही तयार झाला. थोड्याच काळात विद्यार्थी व शिक्षक संगीतापासून विज्ञानकथांपर्यंत वाटेल त्या विषयावर तिथे बोलू लागले. एकेकट्याला शिकवण्यासाठी बांधलेल्या यंत्रावर लोकांनी स्वतःहून चावडी भरवली. शिकणाऱ्याला नुसते उत्तर पुरत नाही, ते कोणाला तरी सांगावेसे वाटते, हे या घटनेतून दिसले.

पावसाचा सामू

आता या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाकडे वळू. १९८० च्या दशकात आम्लवर्षा हा अमेरिका आणि कॅनडा यांच्यातला वादाचा विषय होता. दगडी कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो, तो वाऱ्याबरोबर दूर जातो आणि पावसात मिसळून आम्ल बनून खाली येतो. धूर एका राज्यात, आम्ल दुसऱ्या राज्यात किंवा थेट दुसऱ्या देशात.

टर्क ही मॅसॅच्युसेट्समधली विज्ञान-गणित शिक्षणाची संस्था. तिने नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीबरोबर १९८६ पासून ‘किड्स नेटवर्क’ या प्रकल्पाची आखणी केली. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने उचलला. चौथी ते सहावीच्या मुलांसाठी हा प्रकल्प होता आणि त्यातल्या पहिल्या विषयांपैकी एक होता आम्लवर्षा.

मुलांनी पाऊस गोळा करण्याचे साधे पात्र बनवायचे. पावसाचा सामू, म्हणजे पीएच, रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने मोजायचा. ठिकठिकाणच्या वर्गांचे गट पाडलेले असत. प्रत्येक वर्गाने आपले आकडे आणि पत्रे संगणकात भरायची, मोडेम टेलिफोनला जोडायचा आणि ती मध्यवर्ती संगणकाकडे पाठवायची. तिथून सगळ्या वर्गांचे आकडे एकत्र करून परत येत आणि मुलांना ते नकाशावर व आलेखात पाहता येत. विषयाचा जाणकार एक शास्त्रज्ञही मुलांना पत्रे लिही.

त्या काळच्या मोडेमचा वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे साधारण १२० अक्षरे. आजच्या मानाने अगदी कूर्मगती. आपल्या फोनमधले एक छायाचित्र पाठवायला त्यावर कित्येक तास लागले असते. पण सामूचा आकडा पाठवायला किती अक्षरे लागतात? तीन! या प्रयोगाला वेगाची फारशी गरजच नव्हती.

मग गरज कशाची होती? समजा, एका वर्गाने मोजलेला सामू ४.६ आला. हा आकडा एकटा मुका असतो. स्वच्छ पावसाचा सामूही ७ नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे तो सुमारे ५.६ असतो. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणून ४.६ सामूचा पाऊस त्याहून दहापट आम्लधर्मी. पण तो फक्त आपल्याच गावी तसा आहे का? पश्चिमेकडच्या राज्यात काय? डोंगरापलीकडे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही एका गावातल्या हुशारातल्या हुशार मुलाला मोजून मिळणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्या गावच्या मुलांनीच मोजले पाहिजे.

या प्रयोगाचे खरे मर्म इथे आहे. दुसऱ्या वर्गाशी बोलणे ही त्यात हौस नव्हती, गरज होती. आणि गरज होती म्हणून आणखी एक गोष्ट आपोआप आली. तुमचे आकडे इतर वापरणार असतील तर मोजणी काळजीपूर्वक करावी लागते. पात्र झाडाखाली ठेवले की मोकळ्यावर? पट्टीचा रंग कोणी पाहिला? किती वेळा मोजले? प्रयोगवहीत ‘कृती’ या मथळ्याखाली जे आपण नाइलाजाने लिहून घेतो, ते इथे अर्थपूर्ण होते. कृती सारखी नसेल तर तुलनाच करता येणार नाही, हे मुलांना दिसते.

या वाटेने पुढे इतर प्रकल्पही आले. १९८८ साली न्यूयॉर्क आणि मॉस्को येथील शाळा संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शीतयुद्ध अजून संपले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळेल. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ ही अनेक देशांतल्या शाळांची संघटना वाढली. १९९५ च्या वसुंधरादिनी ‘ग्लोब’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात जगभरची मुले तापमान, पाऊस, माती, पाणी यांच्या नोंदी एकाच ठरलेल्या पद्धतीने घेतात. भारतही त्यात सहभागी झाला.

दहा वर्षांनंतरचा हिशेब

एवढे झाल्यावर या प्रकल्पांनी कमाल केली असे वाटेल. पण त्या मंडळींचा प्रामाणिकपणा असा, की त्यांनी स्वतःच आपला हिशेब मांडला. ॲलन फेल्डमन, क्लिफर्ड कोनोल्ड आणि बॉब कूल्टर यांनी टर्कच्याच एका अभ्यासातून ‘नेटवर्क सायन्स : अ डिकेड लेटर’ हे पुस्तक लिहिले. ते २००० साली निघाले.

त्यांना काय आढळले? दूरदूरचे वर्ग मिळून संशोधकांसारखी चर्चा करतील, ही मूळ अपेक्षा बहुतेक ठिकाणी पुरी झाली नव्हती. मोजणे आणि आकडे पाठवणे यांतच वर्गाचा वेळ संपे. परत आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायचे, म्हणजे विज्ञानातले सर्वांत रसाळ काम, तसेच राहून जाई. मुलांची आपसातली पत्रेही ओळखपाळखीपलीकडे फारशी जात नसत. 

मग जिथे शिकणे खरोखर घडले, तिथे ते कसे घडले? लेखकांचे उत्तर साधे आहे. ते वर्गात घडले. मुलांना आधी आपल्या परिसरातला प्रश्न नीट पाहायला मिळाला, आणि आलेल्या आकड्यांवर शिक्षकाने समोरासमोर चर्चा घडवून आणली, तिथे. तारेवरून आले ते नुसते बोलण्याचे निमित्त. बोलणे घडवले ते शिक्षकाने.

हा निष्कर्ष २० वर्षांनी आपल्याही उपयोगी पडला असता. २०२० मध्ये अनेक ठिकाणी संपर्क म्हणजे फोनवर स्वाध्याय पाठवणे आणि वहीच्या पानाचे छायाचित्र परत मागवणे, एवढाच उरला. म्हणजे पायट्याच्या संचाआधीची टपालाची शाळाच, फक्त वेगवान. धडा होता, तपासणी होती, वर्ग नव्हता. तार एकतर्फी झाली की काय हरवते, हे अॅलिस स्प्रिंग्जच्या लोकांनी १९५० च्या दशकातच ओळखले होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे रणजितसिंह डिसले हे तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. परदेशांतल्या वर्गांशी पडद्यावरून संपर्क साधून त्यांना विज्ञानातले प्रयोग दाखवणे, हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. लहान गावातली शाळा केवळ घेणारी नसते, तिच्याकडे देण्यासारखेही असते, हे त्यातून दिसले.

धुळे आणि सांगली : एक प्रयोग

इतिहास वाचून हातात काय घ्यायचे? एक प्रयोग सुचवतो. त्याला लागतात एक मीटर उंचीची सरळ काठी, मोजपट्टी, आणि दुसऱ्या गावातला एक मित्र-वर्ग.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस याने सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट आपण सांगतो. तो स्वतः अलेक्झांड्रियात होता. दक्षिणेकडच्या सायीनी येथे वर्षातल्या एका दिवशी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, ही माहिती त्याच्याकडे बाहेरून आलेली होती. त्या माहितीशिवाय त्याच्या सावलीचा काहीच उपयोग नव्हता.

आपल्याकडे धुळे आणि सांगली ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. धुळ्याचे अक्षांश सुमारे २०.९ अंश, सांगलीचे सुमारे १६.८५ अंश. नकाशावर दक्षिणोत्तर सरळ अंतर मोजले तर ते सुमारे ४५० किलोमीटर भरते. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, भर माध्यान्हीला एक मीटर काठीची सावली धुळ्याला सुमारे ३८.२ सेंटीमीटर, तर सांगलीला सुमारे ३०.३ सेंटीमीटर पडते. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण, आणि तो या गावांना साडेबाराच्या आगेमागे येतो. काठी आणि सावली यांचा त्रिकोण काढून दोन्ही ठिकाणचे कोन मिळवा. त्यांतला फरक सुमारे ४.०५ अंश येईल. ४.०५ अंशाला ४५० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडले की उत्तर येते ४०,००० किलोमीटर!

मुलांचे उत्तर इतके नेटके येणार नाही, आणि तिथूनच खरा तास सुरू होतो. सावली मोजताना एका गावी ५ मिलिमीटरची चूक झाली, तर कोनात सुमारे पाव अंशाचा फरक पडतो आणि परिघात सुमारे अडीच हजार किलोमीटरचा. चूक कोणाची? काठी ओळंब्यात होती का? जमीन सपाट होती का? सावलीची कड धूसर दिसते, तिचे टोक कुठे धरले? हे प्रश्न एका वर्गाने दुसऱ्याला विचारायचे आहेत. मोजणी पुन्हा करायची ठरली तर दोघांनीही करायची. विषुवदिन हुकला तरी बिघडत नाही. दिवस एकच असला आणि सूर्य दोन्ही गावांच्या दक्षिणेला असला की झाले. हिवाळ्यातला कोणताही निरभ्र दिवस चालेल. धुळे-सांगलीच हवीत असेही नाही, दक्षिणोत्तर पुरेसे अंतर असलेली जवळपास एकाच रेखावृत्तावरची कोणतीही दोन गावे चालतील.

या साऱ्याला फोनवरचे दोन निरोप पुरतात. महागडा पडदा नको, वेगवान जोडणीही नको. मात्र निरोप आल्यावर वर्गात दोन तास राखून ठेवायला हवेत. आकडा वाचून दाखवून पुढच्या धड्याकडे वळलो, तर २००० सालच्या त्या पुस्तकातली चूक आपण पुन्हा करू.

दूरच्या वर्गाशी जोडून घेण्याआधी म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्यांच्याकडे असे काय आहे, जे आमच्या मुलांना इथे बसून कळणार नाही? उत्तर मिळाले तर साधे पोस्टकार्डही कामाला येईल. उत्तर मिळाले नाही, तर फळ्यावर खडूने शिकवलेला धडा अधिक बरा.